पंचांना सांगता येत नाही

कोंडाजी घोलप यांची स्टोव्ह दुरुस्तीची टपरी पंचवटीत होती, पेठ नाक्याकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सहा फूट बाय चार फूट पत्र्याच्या त्या जागेत कोंडाजी, एक लाकडी ठोकळा, रॉकेलचा डबा आणि वरून टांगलेले जुने पंप एवढंच मावे. गिऱ्हाईक बाहेर उभं राही. टपरीपासून पन्नास पावलांवर पोलीस चौकी होती आणि कोंडाजींच्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही घडलं ते या पन्नास पावलांमुळे घडलं. टपरी दीडशे पावलांवर असती तर हवालदारांनी दुसरा कोणी धरला असता.

१९९१च्या थंडीत नदीकाठी एक म्हातारा मरून पडला. असा माणूस सापडला की पोलिसांना पंचनामा करावा लागतो आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. पंच असा हवा की ज्याचा मयताशी काही संबंध नाही, जो शुद्धीवर आहे आणि ज्याला सही करता येते. त्या रस्त्यावर अशी माणसं पुष्कळ होती, पण हवालदार दिसताच त्यांना घरची कामं आठवत. कोंडाजींच्या मांडीवर त्या वेळी उघडलेला स्टोव्ह होता, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. समोरचा रसवंतीवाला चंदर चरकात ऊस घालत होता, त्याचंही तेच झालं.

खंडेराव हवालदार सावकाश बोलणारे, अक्षर चांगलं असणारे गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं, अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ, रंग सावळा, बांधा सडपातळ. कोंडाजींनी पाहिलं आणि सही केली. घरी येऊन ते जेवले नाहीत. बायकोनं, मीनाताईंनी, काय झालं विचारलं तेव्हा सरकारी काम होतं एवढंच ते म्हणाले.

पुढे बोलावणी येत राहिली. नदीकाठी, पुलाखाली, बाजाराच्या भिंतीला टेकून झोपणारी माणसं या शहरात नेहमीच होती. बहुतेक जण कामासाठी आलेले असत आणि काम संपल्यावर परत जायचे राहून गेलेले असत. थंडीत त्यांच्यातली दोन-चार कमी होत.

१९९३ साली एक असाच सापडला. खंडेरावांनी ‘अंगात जुना कोट’ असं लिहून पुढची ओळ घेतली, तेव्हा कोंडाजी म्हणाले, “हवालदार, कोटाला चार बटणं हायेत. तीन प्लास्टिकची, एक पितळेचं. पितळेच्या बटणावर रेल्वेची खूण हाय.” दिवसभर वायसर आणि पिना निवडणाऱ्या माणसाची ती नजर होती. खंडेरावांनी ओळ खोडली, बटण लिहिलं आणि मनमाडला निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी दोन मुलगे आले. बाप रेल्वेत गँगमन होता, डोक्यानं जरा हललेला, दीड वर्षापूर्वी घरातून निघून गेला होता. मुलांनी बापाला मनमाडला नेलं. जाताना थोरला टपरीवर आला आणि कोंडाजींच्या पाया पडला.

त्या दिवसापासून कोंडाजी पंच झाले. तोवर ते नुसते सही करत होते. बटणाची गोष्ट त्यांनी दोन पुतण्यांच्या लग्नात, एका बारशाला आणि एका दहाव्याला सांगितली. विंचूरला, गावच्या भाऊबंदांत त्यांची ओळख ‘पोलीस खात्यात आहेत, पंच’ अशी करून देत आणि ते ती दुरुस्त करत नसत. चंदर त्यांना पंचसाहेब म्हणू लागला. तो चेष्टेनं म्हणे, पण म्हणे.

मग घरोघर गॅस आला. गॅसला पंप मारावा लागत नाही आणि त्याच्या पिना तुंबत नाहीत. टपरीवर दिवसाला दहा स्टोव्ह येत त्या जागी तीन येऊ लागले. अशा वेळी एक गिऱ्हाईक उभं असताना पंचनाम्याला जावं लागलं तर ते दुसऱ्या दुकानी जाई आणि परत येत नसे. कोंडाजींनी कधी तक्रार केली नाही, पण खंडेरावांना ते दिसत होतं. माणूस मनानं चांगला. त्यांनीच १९९८ साली तोड काढली. छापील फॉर्म होते. वरचा मजकूर हातानं लिहायचा, शेवटी दोन पंचांच्या सह्या. फॉर्म संपले की कोंडाजींनी आणि चंदरनं चौकीत यावं, चहा घ्यावा, दहा फॉर्मवर सह्या करून ठेवाव्यात.

पहिल्या दिवशी कोंडाजी थोडे अडखळले. वर काय लिहिणार, असं त्यांनी विचारलं. जे असेल ते लिहिणार, असं खंडेराव म्हणाले. खंडेराव खोटं लिहिणारे नव्हते, हे कोंडाजींना सात वर्षं माहीत होतं. आधी सही, मग मयत, असं चंदर म्हणाला आणि तिघे हसले. कोंडाजींची सही वळणदार होती. खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती ते दहाही वेळा सारखीच करत.

त्याच्या आदल्या वर्षीपासून झिपरू टपरीपुढे बसू लागला होता.

झिपरू पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. आपल्या पाड्यावरच्या माणसांबरोबर बांधकामावर आला, पाटी घेऊन चढताना पडला आणि त्याचा डावा खांदा कायमचा उतरला. बाकीचे भातलावणीला परत गेले. झिपरू गेला नाही. घरी खाणारं एक तोंड वाढेल आणि काम करणारा हात नाही, असा त्याचा हिशोब होता आणि तो त्यानं कोंडाजींना अगदी सरळ सांगितला. रात्री तो नदीच्या घाटावर झोपे. सकाळी नाक्यावर जाऊन उभा राही. एका हाताच्या माणसाला कोणी नेत नसे. मग खाली येऊन टपरीपुढे बसे.

दुरुस्त केलेला स्टोव्ह गिऱ्हाइकाला देण्याआधी पेटवून बघावा लागतो. ज्योत निळी आली, आवाज एकसारखा आला, की पाच मिनिटं जळू द्यायचा आणि हवा सोडून विझवायचा. त्या पाच मिनिटांत झिपरू आपला डावा हात उजव्या हातानं उचलून ज्योतीवर धरी. कोंडाजींनी त्याला कधी हाकललं नाही. स्टोव्ह तपासायचाच असतो, त्यात आपलं काय जातं, असं ते चंदरला म्हणत. डिसेंबर लागला की ते प्रत्येक स्टोव्ह दोनदा तपासत. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

झिपरू बोलका होता. कोंडाजी निम्मं ऐकत. तरी सहा वर्षांत पाड्याचं नाव, वाटेतला ओढा, मेलेली बायको, मुलगी झुंबर हे सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. झुंबरबाई दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला येई आणि शिमग्याआधी परत जाताना बापाला न्यायला टपरीवर येई. पुढल्या वर्षी येतो, असं झिपरू दरवर्षी सांगे. ती त्याला नवा सदरा देई आणि जाई.

एकदा एका स्टोव्हची हवेची चावी बदलायची होती. टाकीतली हवा सोडून स्टोव्ह विझवतात ती ही लहानशी पितळी चावी. तिचे आटे झिजले होते, म्हणून कोंडाजींनी ती रस्त्यावर फेकली. झिपरूनं उचलली, सदऱ्याला पुसली, उन्हात धरली. दुसऱ्या दिवशी ती काळ्या दोऱ्यात त्याच्या गळ्यात होती.

“हे काय रे?” कोंडाजींनी विचारलं.

“ताईत आहा,” झिपरू म्हणाला. “आता माझी हवा कोणाला सोडता यायची नाय. चावी माझ्यापाशी आहा.”

चंदरला हे इतकं आवडलं की त्यानं झिपरूला अर्धा ग्लास रस दिला.

२००३ हे कुंभमेळ्याचं वर्ष. घाटाची कामं आदल्या दिवाळीतच निघाली, तेव्हा तिथं झोपणारे उठले आणि जिथं जागा मिळेल तिथं गेले. झिपरू बाजाराच्या भिंतीकडे गेला. तिकडं वारा लागतो, असं तो एकदा म्हणाला. कोंडाजी तेव्हा पिन शोधत होते.

संक्रांतीनंतर तो दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी चंदरनं विचारलं, “पंचसाहेब, तुमचा पाहुणा कुठं गेला?” गेला असेल गावाला, असं कोंडाजी म्हणाले. इतकी वर्षं मुलगी बोलावत होती, शेवटी गेला, हे पटण्यासारखं होतं. दोघांचंही समाधान झालं आणि विचारपूस तिथं संपली. कोंडाजी स्टोव्ह पुन्हा एकदाच तपासू लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी झुंबरबाई टपरीपुढे येऊन उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात नव्या सदऱ्याची पिशवी.

“दादा, बा कठं आहा?”

“गावाला नाही आला?”

“नाही.”

कोंडाजींच्या हातातला पाना थांबला. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. घाबरू नको, चौकीत आपली ओळख आहे, आत्ता बघून येतो, असं त्यांनी तिला सांगितलं. फळी लावली आणि ते पन्नास पावलं चालून गेले. झुंबरबाई मागोमाग येऊन चौकीच्या पायरीवर बसली.

खंडेराव चहा पीत होते. त्यांनी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि तूच बघ म्हणाले. घरचाच माणूस होता. कोंडाजींनी बेवारस मयतांची फाईल काढली आणि जानेवारीपासून बघायला सुरुवात केली. तिसऱ्या पंचनाम्यावर ते थांबले. तो असा होता:

‘दिनांक १७ जानेवारी २००३ रोजी सकाळी बाजाराचे भिंतीलगत एक अनोळखी पुरुष जातीचे प्रेत उजव्या कुशीवर मिळून आले. वय अंदाजे ६०, रंग सावळा, बांधा सडपातळ, डावा खांदा उतरलेला. अंगावर जखम नाही. गळ्यात काळे दोऱ्यात पितळी धातूचा लहान तुकडा बांधलेला असून तो कशाचा आहे हे पंचांना सांगता येत नाही. आम्ही पंचांनी प्रेत बारकाईने पाहिले असून मयतास आम्ही ओळखत नाही.’

खाली लिहिलं होतं, पंच क्रमांक एक, कोंडाजी रावजी घोलप, धंदा स्टोव्ह दुरुस्ती. त्याखाली सही. आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सही सुरेख आली होती.

“हवालदार,” कोंडाजी म्हणाले, “ही हवेची चावी हाय.”

“कुठली चावी?”

“स्टोव्हची.”

खंडेरावांनी कागद हातात घेतला. सगळा वाचला, ‘धंदा’पर्यंत आले आणि कप खाली ठेवला. ते हसले नाहीत. माणूस कोण होता, तुझ्या ओळखीचा होता का, असं त्यांनी विचारलं. सहा वर्षं माझ्यापुढं बसत होता, असं कोंडाजींनी सांगितलं. तुमच्या चौकीच्या दारातून दिसायचा.

“मी त्या दिवशी दुकानातच होतो,” कोंडाजी म्हणाले.

“तुझ्याकडं गिऱ्हाईक होतं,” खंडेराव म्हणाले. “म्हणून नाही बोलावलं.”

हे खरं असणार. खंडेराव खोटं बोलत नसत.

पुढचं त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मयताला महानगरपालिकेनं रीतसर अग्नी दिला, आता परत देण्यासारखं काही नाही. बाईला नोंद सापडली नाही म्हणून सांगावं. ती आज रडेल, उद्या रडेल, मग शेतीला लागेल. ओळख पटवायची तर पटवणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. सही माझी आहे, पण मी पाहिलं नाही, असं लिहून द्यावं लागेल. मग ही एक फाईल उघडणार नाही, सगळ्या उघडतील. “मला निवृत्तीला चौदा महिने आहेत, कोंडाजी,” असं ते शेवटी म्हणाले. त्यात धमकी नव्हती. ते नुसती माहिती देत होते.

कोंडाजी गठ्ठा चाळत राहिले. पाच वर्षांत एकतीस माणसं होती. एकतीस जणांना त्यांनी बारकाईने पाहिलं होतं. कोणाच्या हातावर गोंदलेलं होतं, कोणाच्या खिशात तंबाखूची डबी होती. खंडेरावांनी दिसलं ते सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्यात बटण कुठं होतं ते कळायला मार्ग नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी झुंबरबाईला सांगितलं की साहेब जागेवर नाहीत, उद्या ये. ती बरं म्हणाली आणि नाक्यावर आपल्या पाड्याच्या बायकांकडे गेली.

दुपारी घरी कोंडाजींनी ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. मीनाताईंनी हे बारा वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं. त्या समोर बसून राहिल्या. मग कोंडाजींनी सगळं सांगितलं. सह्या, चावी, गिऱ्हाईक. मीनाताईंनी बटणाची गोष्ट शंभर वेळा ऐकली होती, ही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“ही लग्नात सांगण्यासारखी नाही,” त्या म्हणाल्या आणि ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडायच्या आत चंदर आला. त्याच्या कानावर गेलं होतं. तो आज पंचसाहेब म्हणाला नाही. “कोंडाजी, त्या कागदावर माझीबी सही हाय. मी रस काढणारा माणूस. मला काय, पितळ काय नि तांबं काय.” बाईला तिचा बाप मिळणार आहे का, असं त्यानं विचारलं. मिळणार नाही, असं कोंडाजी म्हणाले. मग मिळणार काय, असं चंदरनं विचारलं. कोंडाजींनी फळी काढली आणि ठोकळा मांडला. चंदरनं समोर जाऊन चरक धुवायला घेतला. चरक आधीच धुतलेला होता.

झुंबरबाई आली आणि झिपरूच्या जागेवर बसली. तिला ती त्याची जागा म्हणून माहीत होती. कोंडाजींनी चौकीचं नाव काढलं नाही. एक स्टोव्ह तयार होता. त्यांनी काकडा लावून बर्नर तापवला, पंप मारला, ज्योत निळी आली. पाच मिनिटं दोघंही तिच्याकडे बघत होती. मग कोंडाजींनी चावी फिरवली. हवा सुस्स करून गेली आणि ज्योत बसली.

झुंबरबाई वाकून बघत होती.

“अशीच बाच्या गळ्यात होती,” ती म्हणाली. “मी इचारला तं हसला नुसता. कशाची आहा ही?”

आपल्याला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणार, हे कोंडाजींना काल दुपारपासून माहीत होतं. साहेबांपुढे काय सांगायचं ते त्यांनी ठरवलंही होतं. झुंबरबाईपुढे काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

“हवेची चावी,” ते म्हणाले. “स्टोव्हची. तुझा बा गेला, झुंबरबाई. सतरा जानेवारीला, शुक्रवारी. बाजाराच्या भिंतीपाशी.”

ती ओरडली नाही. तिथ कोणती होती असं तिनं विचारलं. कोंडाजींनी पत्र्याला अडकवलेल्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. पौषी पौर्णिमेच्या आदला दिवस होता. तिनं ते मनाशी दोनदा म्हटलं.

“तुमी बघला त्याला?”

“नाही.”

“कालच्या कागदावर काय लिहला आहा?” ती पायरीवर बसून ऐकत होती, हे कोंडाजींच्या तेव्हा लक्षात आलं.

“लिहिलंय की मी बघितला. आणि मी त्याला ओळखत नाही.”

हे तिला कळलं नाही. कोंडाजींनी पुन्हा सांगितलं. सह्या आधी केलेल्या असतात, नाव-गाव-वर्णन नंतर भरतात, गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून तशी सोय केली होती. सांगता सांगता त्यांना ती सोय पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कानानं ऐकू आली. झुंबरबाईनं नीट ऐकून घेतलं आणि तिला ते पूर्ण कळलं.

“मंग माझ्या बाला कोणीच नाही बघला,” ती म्हणाली.

समोर चरक थांबला होता.

तिच्या पाड्यावर मेलेल्या माणसाच्या नावाचा चिरा बसवतात. शिवाराच्या कडेला झाडाखाली एक उभा दगड. तो बसवला की माणूस घरच्या जुन्या माणसांत जाऊन बसतो, नाही बसवला तर नुसता फिरत राहतो. पण चिरा बसवताना चार माणसांत कोणीतरी उभं राहून सांगावं लागतं की हा गेला, मी बघितला. तिच्याजवळ तसं सांगणारं कोणी नव्हतं. बाप गेल्याचं तिला काल पायरीवरच कळलं होतं, आज ती एवढ्यासाठी आली होती.

कोंडाजींनी हात पुसले. “चल,” ते म्हणाले.

जबाब खंडेरावांनाच लिहावा लागला, कारण चौकीत तेवढं चांगलं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, अशी कोंडाजींनीच सुरुवात करून दिली. बारा वर्षांत ती भाषा त्यांची झाली होती. मयतास मी सहा वर्षांपासून ओळखत होतो. पंचनाम्यावरील सही माझी आहे. मी प्रेत पाहिलेले नाही. पितळी तुकडा ही स्टोव्हची हवेची चावी असून ती माझ्या दुकानातली आहे. खंडेरावांनी एकही शब्द बदलला नाही. शेवटी त्यांनी कागद फिरवून पुढे ठेवला आणि कोंडाजींनी वरपासून खालपर्यंत वाचून, मग सही केली. रेघ काढली. टिंबं द्यायची राहिली.

कपाटातून एक पाकीट काढलं गेलं. त्यात काळा दोरा आणि चावी होती. झुंबरबाईला ती लगेच मिळाली नाही. वरच्या साहेबांचा हुकूम लागतो. त्याला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत कोंडाजींना चार वेळा वरच्या कचेरीत बोलावलं. एका साहेबांनी त्यांना खोट्या पंचनाम्याबद्दल आत टाकण्याची भीती घातली, दुसऱ्यांनी असल्या भानगडी उकरून काढल्याबद्दल झापलं, तिसऱ्यांनी पुन्हा असं करू नका अशी समज दिली. खोटी सही पुन्हा करू नका की खरा जबाब पुन्हा देऊ नका, ते त्यांनी सांगितलं नाही. खंडेरावांची बदली आवक-जावक टेबलावर झाली. ते निवृत्त झाले तेव्हा चौकशी सुरूच होती. रस्त्यात भेटले तर ते कोंडाजींशी बोलत, पण हवापाण्याचं. चंदरनं आपल्या जबाबात लिहून दिलं की त्यानं प्रेत बारकाईने पाहिलं होतं. त्यानंतर तो कोंडाजींशी वर्षभर बोलला नाही. बाकीच्या तीस जणांचं पुढे काही झालं नाही. त्यांची फाईल बघू द्या, एखादं बटण सापडेल, अशी विनंती कोंडाजींनी लेखी केली. ती आवक-जावक टेबलावर खंडेरावांनीच नोंदवून घेतली. उत्तर आलं नाही.

पंचनाम्याला त्यांना पुन्हा बोलावलं नाही. कोणी काढून टाकलं असं नाही. पुढच्या वेळी नवा हवालदार टपरीवरून पुढे गेला आणि पंक्चरवाल्याला घेऊन आला.

मे महिन्यात चावीचा हुकूम आला. कोंडाजींनी नाक्यावरून पेठची एसटी धरली, चावी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. पेठला झुंबरबाईचा नवरा उभा होता. तिथून जीप, मग दीड तास पायी. झिपरूनं सांगितलेला ओढा लागला. कोंडाजींनी तो ओळखला आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं, कारण ते ऐकत आहेत असं त्यांना त्या वेळी वाटलं नव्हतं.

शिवाराच्या कडेला सादड्याच्या झाडाखाली बरेच चिरे होते. एक खड्डा नवा खणलेला होता. वीस-पंचवीस माणसं जमली होती. मंगळू नावाचा म्हातारा त्यांच्यात मोठा. त्यानं कोणी बघला असं विचारलं, तेव्हा झुंबरबाईनं कोंडाजींकडे हात केला.

“तुमी बघला?”

“मेल्यावर नाही बघितला,” कोंडाजी म्हणाले. “जिता बघितला. सहा वर्षं. मेला ते कागदात वाचलं.”

असा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता. मंगळू आणि दोघे-तिघे बाजूला जाऊन बोलले. बराच वेळ लागला. मग मंगळू परत आला आणि चालंल, सांगा, असं म्हणाला.

कोंडाजी उभे राहिले, टोपी नीट केली आणि सांगू लागले. त्यांना एकाच तऱ्हेनं सांगता येत होतं. “पुरुष. नाव झिपरू. वय अंदाजे साठ. रंग सावळा, बांधा सडपातळ. डावा खांदा उतरलेला. डावा हात उजव्या हातानं उचलून जाळावर धरायचा. आधी पंजा, मग मनगट. चहा बशीतून प्यायचा, बशी धुऊन पालथी ठेवायचा. मुलीनं दिलेला सदरा शिमग्यापर्यंत घालायचा नाही. बोलताना ओढ्याचं नाव आलं की हात तिकडं करायचा. आता मला कळलं, दिशा बरोबर होती.” बायका मध्येच हुंकार देत होत्या. “गळ्यात पितळी तुकडा. ती स्टोव्हची हवेची चावी आहे. मी दिली नव्हती. मी टाकली होती, त्यानं उचलली. बाजाराच्या भिंतीला वारा लागतो असं त्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.”

पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. झुंबरबाईनं चावी खड्ड्यात ठेवली, वर दगड उभा केला, माणसांनी माती दाबली. कोंडाजी बाजूला उभे होते. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला आणि त्यांनी पेन काढलं.

“सही कुठं करू?” त्यांनी विचारलं.

मंगळूनं आधी पेनाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सही कशाला? तुमी बघला ना त्याला?”

“बघितला,” कोंडाजी म्हणाले.

“मंग बसा. भात झालाय.”

कोंडाजींनी पेन खिशात ठेवलं आणि ते पंगतीत बसले. परतीची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी टपरी उघडायला त्यांना अकरा वाजले आणि तोवर एक गिऱ्हाईक परत गेलं होतं.